घोट्याजवळची सुई की कमरेतलं यंत्र? त्याआधी तीन दिवसांची डायरी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ६७ वर्षांच्या आहेत. दोन-अडीच वर्षांपासून लघवीची घाई अशी होते की बाथरूमचं दार उघडेपर्यंत कपडे ओले होतात. दिवसभरात बारा-चौदा वेळा जावं लागतं, रात्री चार वेळा उठावं लागतं. खोकताना-शिंकतानाही थोडी गळते. मधुमेह आहे, संध्याकाळी पायांना सूज असते. एका गोळीने तोंडाला कोरड पडली आणि बद्धकोष्ठ झालं, दुसरीने फारसा फरक पडला नाही. आता एका डॉक्टरांनी घोट्याजवळ सुई लावून बारा आठवडे करंट घ्यायला सांगितलंय, तर दुसऱ्यांनी कमरेत यंत्र बसवण्याचा पर्याय सुचवलाय. करंटने नसा खराब तर होणार नाहीत ना, हे खरंच चालतं का, आणि दोन्हींतलं काय घ्यायचं, हे तुम्हाला हवंय.

मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे. मूत्राशयाच्या नियंत्रणाचे त्रास हाच माझ्या कामाचा मोठा भाग आहे आणि हे दोन्ही उपचार मी नेहमी करते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देते. नसा खराब होत नाहीत. वापरला जाणारा करंट अगदी थोडा, काही मिलिअँपिअरचा असतो. आणि उपचार खरा आहे, पण सगळ्या प्रकारच्या गळतीवर तो लागू पडत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आईंना न तपासता कुणीच देऊ नये. मी फक्त ते कसं ठरवायचं ते सांगू शकते. मला वाटतं, अडचण ‘सुई की यंत्र’ ही नाहीच. आईंच्या एका तक्रारीत तीन वेगवेगळे त्रास मिसळले आहेत आणि ते अजून कुणी वेगळे केलेले दिसत नाहीत.

पहिला त्रास घाईचा. निरोगी मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. ते भरत असताना त्याचा स्नायू सैल राहतो आणि ‘आता नको, थोड्या वेळाने’ असं मेंदू त्याला सांगू शकतो. अतिक्रियाशील मूत्राशयात हा ताबा सुटतो. शंभर-दीडशे मिलिलिटरलाच जोराची कळ येते, स्नायू आपणहून आवळतो आणि थांबवता येत नाही. नसांना करंट देण्याचे उपचार मुख्यतः याच त्रासासाठी आहेत.

दुसरा त्रास खोकताना-शिंकताना गळण्याचा. तिथे मूत्राशयाची चूक नसते. मूत्रमार्गाला खालून मिळणारा आधार आणि तो आवळून धरणारे स्नायू कमजोर झालेले असतात, म्हणून पोटात दाब वाढला की लघवी निसटते. घोट्याची सुई किंवा कमरेतलं यंत्र यावर काही करत नाही. त्याला ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम, आधार देणारी रिंग किंवा गरज पडली तर शस्त्रक्रिया असे वेगळे उपाय आहेत. वयाने मोठ्या बायकांमध्ये हे दोन्ही त्रास एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे. अशा वेळी कुठल्या त्रासाने जास्त कपडे भिजतात, हे आधी विचारायला हवं. घाईची गळती करंटने पूर्ण थांबली तरी खोकल्याची तशीच राहिली, तर आई म्हणतील, ‘काही उपयोग झाला नाही,’ आणि त्यांच्या बाजूने ते खरंच असेल.

तिसरा त्रास रात्रीचा, आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. रात्री चार वेळा उठावं लागण्याची कारणं दोन असू शकतात: मूत्राशयात कमी मावतं, किंवा रात्री लघवीच जास्त तयार होते. पायांना संध्याकाळी सूज येत असेल तर दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते रात्रभर बाहेर टाकत राहतात. ही लघवी कुठल्याही करंटने कमी होणार नाही. त्यासाठी दुपारनंतर पाय उंचावर ठेवून पडणं, संध्याकाळचं पाणी आवरतं घेणं, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलणं, आणि सूज का येते ते शोधणं, हे करावं लागतं. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं हेही रात्रीच्या लघवीचं एक कारण असतं. आई फार घोरत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता डायरी. ‘लघवीची डायरी भरा’ असं सगळेच डॉक्टर सांगतात आणि बहुतेक जण ती आठवणीतून, एका बैठकीत भरून आणतात. तिचा उपयोग होत नाही. मापाच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं बाथरूममध्ये ठेवा, शेजारी वही-पेन ठेवा. तीन दिवस, रात्र धरून, प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता, किती मिलिलिटर, घाई किती होती (शून्य ते तीन), आणि गळाली असेल तर कशाने, घाईने की खोकल्याने. काय आणि किती प्यायलं तेही लिहायचं. तीन दिवस सलग असले पाहिजेत असं नाही, पण ते नेहमीसारखे दिवस असावेत. घरात लग्नकार्य किंवा प्रवास असेल ते दिवस सोडा. आईंना लिहायचा कंटाळा असेल तर त्यांनी आकडा सांगावा, तुम्ही लिहा.

ही वही समोर आली की काय दिसतं ते सांगते. समजा, दिवसात बारा वेळा आणि दर वेळी शंभर-सव्वाशे मिलिलिटर लघवी झाली. एकूण दीड लिटरच्या आत. म्हणजे लघवी योग्य तेवढीच तयार होतेय आणि मूत्राशय ती साठवू देत नाही. करंटचा विचार करावा असं हे चित्र. पण बारा वेळा आणि दर वेळी तीनशे मिलिलिटर असेल, तर दिवसाची लघवी साडेतीन लिटरच्या पुढे जाते. इथे मूत्राशय बिचारं नीट काम करतंय, लघवीच जास्त होतेय. मधुमेह असलेल्या माणसाला साखर वाढली की हे होतं. शिवाय डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यामुळे लघवी वाढते आणि योनीमार्गाजवळ बुरशीचा संसर्गही होऊ शकतो. आईंच्या गोळ्यांची नावं बघा. त्या गटातली गोळी असेल तर स्वतःहून बंद करू नका. ती हृदय आणि मूत्रपिंडासाठीही दिलेली असू शकते. मधुमेहाच्या डॉक्टरांना नेमका हा त्रास सांगून विचारा. रात्रीसाठी वेगळा हिशेब करा: झोपल्यापासूनची सगळी लघवी, उठल्यावरची पहिली धरून, चोवीस तासांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भरत असेल, तर रात्रीचा त्रास मुख्यतः तयार होणाऱ्या लघवीचा आहे.

डायरीबरोबर काही साध्या तपासण्या व्हायला हव्यात. झाल्या नसतील तर आधी त्या करून घ्या. लघवीची तपासणी आणि गरज असेल तर कल्चर, कारण संसर्गानेही अशीच घाई होते. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीत बघणं. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा. खालून तपासणी, अंग बाहेर येतंय का आणि योनीमार्ग कोरडा पडलाय का ते बघायला. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावर स्थानिक इस्ट्रोजेनचं मलम दिलं तर कित्येकींची घाईही कमी होते. बद्धकोष्ठ अजून असेल तर ते आधी सुधारा. भरलेलं आतडं मूत्राशयाला खेटून असतं आणि त्याला स्वस्थ बसू देत नाही. लघवीतून रक्त जात असेल तर बाकी सगळं थांबवून आधी त्याचा शोध घ्यायचा.

हे सगळं करून घाईचा त्रास उरला, व्यायाम करून आणि ठरावीक वेळेलाच लघवीला जायचं वळण लावूनही उरला, आणि गोळ्या झेपल्या नाहीत, तर नसांच्या उपचाराकडे यायचं. ‘गोळ्या झेपल्या नाहीत’ याबद्दल एक सांगते. जुन्या गटातल्या गोळ्यांनी, म्हणजे ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन यांनी कोरड आणि बद्धकोष्ठ होतं ते तुम्ही पाहिलंच. वयस्कर माणसांत या गटाचा दीर्घकाळ वापर आणि स्मरणशक्ती कमी होणं यांचा संबंधही अभ्यासांत दिसलाय. आई अलीकडे जास्त विसरायला लागल्या असतील तर हे डॉक्टरांना जरूर सांगा. मिराबेग्रॉन हे वेगळ्या गटातलं औषध आहे. त्याने तोंडाला कोरड पडण्याचा त्रास कमी असतो, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. पूर्वी एकेक पायरी चढूनच नसांच्या उपचारापर्यंत यायचं अशी रीत होती. २०२४ साली अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत ही सक्ती सैल केली. रुग्णाची परिस्थिती आणि पसंती पाहून कुठलाही योग्य उपचार निवडावा, असं आता त्या सांगतात. मला हे पटतं. साठीच्या पुढच्या बाईला एकामागून एक तीन गोळ्या देऊन बघण्यात वर्ष घालवायची गरज नाही.

घोट्याला करंट दिल्याने मूत्राशय कसं शांत होतं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा. घोट्याच्या आतल्या बाजूने टिबियल नावाची नस जाते. तिचे धागे वर चढत कमरेच्या आणि त्रिकास्थीच्या (माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड) पातळीवरच्या नसांच्या मुळांपर्यंत पोचतात. मूत्राशयाची नसही त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या मुळातून येते. म्हणजे पायातले संदेश आणि मूत्राशयाचे संदेश मज्जारज्जूच्या एकाच मजल्यावर येऊन भेटतात. कोपर आपटलं की आपण ते चोळतो आणि कळ थोडी कमी होते. चोळण्याचा संदेश दुखण्याच्या संदेशाला मज्जारज्जूत दाबतो. पायाच्या नसेतून वारंवार गेलेला सौम्य संदेश मूत्राशयाच्या अवेळी येणाऱ्या ‘भरलं, भरलं’ या ओरड्याला तसाच दाबतो. बदल मेंदूच्या पातळीवरही होतात. सगळा तपशील अजून उलगडलेला नाही. यात स्नायू बळकट होत नाही, नस जाळली जात नाही, काही कापलं जात नाही. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं सोपं जातं: उपचार थांबला की परिणामही काही काळाने ओसरतो, आणि परिणाम दिसायला वेळ लागतो.

घोट्याची सुई प्रत्यक्षात कशी असते ते सांगते, कारण आईंना भीती त्याचीच असेल. त्या खुर्चीत आरामात बसतात, एक पाय थोडा उंचावर असतो. घोट्याच्या आतल्या हाडाच्या साधारण तीन बोटं वर, नडगीच्या हाडाच्या किंचित मागे, मी बोटाने जागा चाचपते. ३४ गेजची सुई म्हणजे केसासारखी बारीक. ती तिरकी आत जाते. टोचल्याचं एखाद्या डासाएवढं कळतं. त्याच पायाच्या तळव्याकडे एक चिकटपट्टी लावतात आणि दोन्हींना वायर जोडून करंट हळूहळू वाढवतात. मी त्या वेळी यंत्राकडे कमी आणि पायाच्या अंगठ्याकडे जास्त बघते. सुई बरोबर जागी असेल तर अंगठा आपोआप खाली वाकतो किंवा बोटं पंख्यासारखी फाकतात, आणि रुग्ण सांगते, ‘तळपायात मुंग्या आल्या.’ मुंग्या फक्त सुईभोवती येत असतील तर जागा चुकलीय, सुई काढून पुन्हा लावायची. खूण मिळाली की करंट सहन होईल एवढा ठेवायचा आणि ३० मिनिटं बसायचं. कुणी पुस्तक वाचतं, कुणी डुलकी काढतं. दुखायला लागलं तर करंट कमी करता येतो. नंतर सुईच्या जागी कधी एखादा रक्ताचा थेंब, कधी छोटा काळा-निळा डाग. त्याच दिवशी चालत घरी.

आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत काहीच फरक न पडणं हे अपयश नाही. फरक बहुतेकांना सहा ते आठ आठवड्यांच्या आसपास जाणवू लागतो, आणि आधी कपडे कोरडे राहतात असं नाही. आधी घाई थोडी दमाने येते, दारापर्यंत पोचायला एखादं मिनिट मिळतं. हे बारकं सुख माणसं विसरून जातात, म्हणून सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा तीन दिवसांची डायरी भरून घ्या आणि पहिल्या डायरीशेजारी ठेवा. फरक पडला असेल तर पुढे साधारण महिन्याला एक बैठक चालू ठेवावी लागते. कुणाला तीन आठवड्यांनी, कुणाला सहा आठवड्यांनी. बारा आठवड्यांत कायमचं बरं होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता ‘खरंच चालतं का’. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत २२० जणांना दोन गटांत वाटलं. एका गटाला खरी सुई, दुसऱ्याला टोचल्यासारखी वाटणारी पण आत न जाणारी सुई आणि त्वचेवर नावापुरता करंट. १३ आठवड्यांनी खऱ्या गटातल्या ५४.५ टक्के लोकांनी मध्यम किंवा ठळक सुधारणा सांगितली, खोट्या गटात २०.९ टक्क्यांनी. हे आकडे मी रुग्णांना दोन्ही बाजूंनी वाचून दाखवते. खरा परिणाम आहे, यात शंका नाही. पण निम्म्याच्या जवळपास लोकांना तेवढी सुधारणा मिळत नाही. आणि पाचातल्या एकाला नुसत्या विश्वासाने आणि लक्ष दिल्यानेही बरं वाटतं. म्हणूनच ‘आमच्या वहिनींना गुण आला’ किंवा ‘मावशींना काही झालं नाही’ यावरून आईंचा निर्णय घेऊ नका. गोळीशी तुलना करणारी चाचणी त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झाली. तिच्यात टॉल्टेरोडिन घेणारे आणि सुई घेणारे या दोघांच्याही लघवीच्या वेळा सारख्याच कमी झाल्या. बरं वाटल्याचं सांगणारे मात्र सुईच्या गटात जास्त होते. म्हणजे गोळीएवढं काम, कोरड आणि बद्धकोष्ठाशिवाय. आईंसारख्या बाईसाठी मला हे फार मोलाचं वाटतं.

कोणाला घोट्याची सुई देत नाही? पेसमेकर किंवा हृदयात बसवलेला डिफिब्रिलेटर असेल, रक्तस्राव सहज होण्याचा आजार असेल, गर्भार असेल, किंवा त्या नसेलाच इजा झालेली असेल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. मधुमेहाने तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर मुंग्यांची खूण मिळणं अवघड जातं, तेव्हा पहिल्या बैठकीआधी पाय तपासून घ्यायचे. आणि पायाची सूज फार असेल तर सुईची जागा सापडायला त्रास होतो. शक्य असेल तर सूज कमी असते त्या सकाळच्या वेळा मागून घ्या.

सुईऐवजी त्वचेवर दोन चिकटपट्ट्या लावून टेन्स यंत्राने तोच करंट देण्याची पद्धतही आहे. पुरावा सुईएवढा भक्कम नाही, पण धोका जवळजवळ नाही आणि शिकवलं तर घरी करता येतं. दर आठवड्याला दवाखान्यात जाणं ज्यांना जमत नाही, त्यांना मी हेच आधी सुचवते. फक्त पट्ट्या कुठे लावायच्या ते एकदा समोर बसून शिकून घ्या; चित्र बघून लावलेल्या पट्ट्या बहुतेक वेळा नसेच्या वाटेवर नसतात.

कमरेतल्या यंत्राकडे येऊ. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एमिल टनाघो आणि रिचर्ड श्मिट यांनी १९८०च्या दशकात या उपचाराचा पाया घातला, आणि औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने १९९७ मध्ये घाईच्या गळतीसाठी त्याला मान्यता दिली. इथे घोट्यावरून वळसा घालायचा नसतो. त्रिकास्थीच्या तिसऱ्या छिद्रातून एक बारीक तार थेट मूत्राशयाच्या नसेशेजारी ठेवतात आणि नितंबाच्या वरच्या भागात कातडीखाली एक छोटं यंत्र तिला सतत सौम्य करंट पुरवतं.

‘यंत्र बसवायचं’ म्हटल्यावर लोक घाबरतात, कारण ते एकदम बसवतात असं त्यांना वाटतं. तसं नसतं. आधी चाचणी होते. रुग्णाला पालथं झोपवून, जागा बधिर करून, एक्स-रेवर बघत तार आत सरकवतात. पुन्हा अंगठा आमच्या कामी येतो: तिसऱ्या मुळाशी तार नीट बसली की पायाचा अंगठा खाली वाकतो आणि गुदद्वाराभोवतीचा स्नायू आत ओढला जातो. सगळा पायच फिरत असेल तर आपण एक मूळ वर आहोत. अंगठा अजिबात हलत नसेल आणि फक्त खालचा स्नायू ओढला जात असेल तर बहुधा एक मूळ खाली. रुग्ण जागी असेल तर मुंग्या कुठे जाणवतात ते विचारतात. योनीमार्ग, बैठक, गुदद्वार या भागात जाणवायला हव्यात. मग तार बाहेरच्या एका छोट्या डबीला जोडून रुग्णाला घरी पाठवतात. तारेच्या प्रकारानुसार काही दिवस ते दोन आठवडे डबी कमरेला असते आणि घरी तीच डायरी भरायची असते. गळती किंवा लघवीच्या वेळा निम्म्याने कमी झाल्या तर यंत्र बसवायचं, नाहीतर तार काढून टाकायची. काढल्यावर मूत्राशय होतं तसंच राहतं, वाटेत काही तुटत नाही. मोठा निर्णय घेण्याआधी स्वतःच्या शरीरावर खात्री करून घेता येते, असे उपचार फार थोडे आहेत. म्हणूनच पहिली डायरी खरी हवी. ती अंदाजाने भरली असेल तर ‘निम्म्याने कमी’ हे कशाच्या निम्म्याने ते कळणारच नाही.

यंत्राच्या बाजूने बोलायचं तर परिणाम घोट्याच्या सुईपेक्षा सहसा जास्त आणि सतत मिळतो, दर महिन्याला यावं लागत नाही. दुसऱ्या बाजूला ही शस्त्रक्रिया आहे. जागा दुखू शकते, संसर्ग होऊ शकतो (मधुमेहात साखर ताब्यात नसेल तर जास्त), पडल्या-झडल्यावर तार सरकू शकते, अधूनमधून सेटिंग बदलून घ्यावी लागते, आणि केव्हातरी बॅटरी बदलण्यासाठी पुन्हा छोटी शस्त्रक्रिया. चार्ज करायच्या यंत्रांचं आयुष्य साधारण १५ वर्षांचं असतं, पण चार्ज करणं न विसरणारं माणूस हवं. चार्ज न कराव्या लागणाऱ्या नव्या यंत्रांची बॅटरी सेटिंगनुसार दहा वर्षांच्या पुढेही जाते. विसरभोळेपणा असेल तर मी दुसऱ्या प्रकाराकडे झुकते. एमआरआय हा मुद्दा आधीच विचारा: नवी यंत्रं ठरावीक अटींवर पूर्ण शरीराच्या एमआरआयला चालतात, जुन्या यंत्रांत तो डोक्यापुरताच मर्यादित होता. आणि यंत्र बसल्यावर गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी शेकाची डायथर्मी घ्यायची नाही. कुठल्याही फिजिओथेरपी केंद्रात गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोलायचं.

तिसरा पर्याय तुम्ही विचारला नाही, पण तो तुमच्यासमोर येईलच: मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत घाईची गळती असलेल्या बायकांमध्ये बोटॉक्स आणि कमरेतलं यंत्र यांची समोरासमोर तुलना झाली. सहा महिन्यांत बोटॉक्सने दिवसाला सरासरी ३.९ वेळा गळणं कमी केलं, यंत्राने ३.३ वेळा. फरक थोडा. पण लघवीचा संसर्ग बोटॉक्सच्या गटात ३५ टक्क्यांना झाला, यंत्राच्या गटात ११ टक्क्यांना. शिवाय बोटॉक्सनंतर काहींची लघवी अडते आणि काही आठवडे नळीने काढावी लागते. मधुमेह आहे आणि आधीच थोडी लघवी उरत असेल, तर आईंसाठी मी बोटॉक्सला मागे ठेवीन.

मग माझा कल कुठे? तुम्ही लिहिलंय त्यावरून, आणि डायरीत खरोखर थोडी-थोडी लघवी अनेकदा होताना दिसली तर, मी आधी घोट्याची सुई घेईन. धोका नगण्य, बारा आठवड्यांत उत्तर मिळतं, आणि उपयोग झाला नाही तरी पुढचे सगळे रस्ते उघडे राहतात. पण तीन गोष्टींपैकी एखादी असेल तर माझं मत बदलेल. गळती इतकी असेल की दिवसाला अनेक मोठे पॅड लागतात आणि आईंनी घराबाहेर पडणंच सोडलंय. दर आठवड्याला त्यांना आणणारं-नेणारं कुणी नाही. किंवा त्यांना शौचावरही ताबा राहत नाही. ही शेवटची गोष्ट बायका स्वतःहून सांगत नाहीत, पोटच्या मुलांनाही नाही. तुम्ही एकांतात, सहज विचारा, किंवा डॉक्टरांना त्यांच्याशी एकट्यात बोलायला सांगा. शौचाच्या गळतीवरही कमरेतल्या यंत्राचा उपयोग होतो आणि एफडीएने त्यासाठी २०११ मध्ये वेगळी मान्यता दिली आहे. दोन्ही त्रास असतील तर यंत्राची चाचणी आधी घेणं शहाणपणाचं.

सुई चालू असताना ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम थांबवू नका. खोकल्याच्या गळतीला तेच उपयोगी आहेत आणि घाईलाही मदत करतात. कळ आली की धावत सुटायचं नाही. जागेवर थांबायचं, शक्य असेल तर बसायचं, लघवी रोखताना आवळतो तो स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळून सोडायचा, कळ ओसरली की मग सावकाश चालत जायचं. आईंच्या वयात घाईत पाय घसरून पडणं हा गळतीपेक्षा मोठा धोका आहे, म्हणून रात्रीच्या वाटेवर दिवा ठेवा. चहा-कॉफी कमी करा, पण पाणी एकदम तोडू नका. फार घट्ट लघवी मूत्राशयाला झोंबते आणि घाई वाढते.

डॉक्टरांकडे जाताना आईंना एक प्रश्न विचारून ठेवा: किती सुधारणा झाली म्हणजे त्यांना पुरे वाटेल? कुणाला एकही थेंब नको असतो. कुणाला रात्री एकदाच उठावं लागलं तरी पुरतं, कुणाला तासाभराच्या प्रवासात बस थांबवावी लागू नये एवढंच हवं असतं. त्यांचं उत्तर डायरीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच शब्दांत लिहा. बाराव्या आठवड्यात पुढे चालू ठेवायचं, यंत्राची चाचणी घ्यायची की थांबायचं, हे त्या ओळीशी ताडून ठरवा. तीन दिवसांचे आकडे, उरलेल्या लघवीचं माप आणि चालू गोळ्यांची नावं हाताशी आली की मला पुन्हा विचारा, तेव्हा याहून नेमकं सांगता येईल.